दुसरा ब्रेक

गाडीत बसलं की आधी मी रेडिओ बंद करतो.
आरशाला लोंबणारं लिंबू-मिरची काढून कप्प्यात ठेवतो,
नवख्या माणसाची नजर हलत्या वस्तूकडे जाते म्हणून.
सीट पुढे घ्या. अजून. गुडघा जरा वाकू दे.
पाण्याची बाटली पायाशी नको,
ती घरंगळत ब्रेकखाली जाते,
हे मला शिरोली नाक्यावर एकदा कळलंय, तेवढं पुरे.
करकर वाजणारी कापशी असेल तर मागे ठेवा,
आज तळव्याला पेडल कळू दे.

माझ्या पायाशीही एक ब्रेक आहे.
तो पहिल्याच दिवशी दाखवतो, वाकून, हात लावून.
मग म्हणतो, हा आहे हे विसरून जा.

सुलोचना तिवले, वय त्रेपन्न,
फॉर्मवर व्यवसायापुढे : शिवणकाम.
नवऱ्यानं एकदा कळंब्याच्या रस्त्याला शिकवली होती,
तीन मिनिटांत सतरा वेळा ‘अगं’.
गाडी तेव्हापासून कव्हरखाली.

मी शिकलो ट्रकवर, हिंदुराव वस्तादाच्या हाताखाली.
गिअर चुकला की मनगटावर पाना.
निपाणी येईपर्यंत मनगट सुजायचं.
हात शिकला, खरं घाबरत शिकला.
अजून थंडीत गिअर टाकताना
तो आधी दचकतो, मग टाकतो.

म्हणून माझ्या गाडीत तीन शब्द चालत नाहीत :
अहो, अरे आणि मेलो.
‘चुकलं’ला ‘पुन्हा’ म्हणायचं.
‘थांबा’ म्हणायचं ते
झोपलेल्या बाळाच्या खोलीचं दार ओढावं तसं.
आणि पाठीमागचा हॉर्न
हा पाठीमागच्या माणसाचा प्रश्न आहे.

चार दिवस क्लचशी त्यांची भांडणं.
गाडी उड्या मारायची, बांगड्या स्टिअरिंगवर वाजायच्या,
मोरेवाडीच्या माळावरची कुत्री उठून बाजूला व्हायची.
पाचव्या दिवशी मला सुचलं :
मशीन चालवता न्हवं?
टाच टेकवा, बोटांनी सोडा.
धागा तुटू द्यायचा नाही, एवढंच.
त्या काही बोलल्या नाहीत.
गाडी निघाली, जशी रेशमावर शिवण निघते.

मग हंगाम सुरू झाला.
बावड्याच्या रस्त्याला उसाची जोड ट्रॉली,
टेपचा आवाज टिपेला, ड्रायव्हरची मान गाण्यावर,
मागची ट्रॉली वळणावर आपल्याच नादात झुलत
आमच्या अंगावर येऊ लागली.
माझा पाय ब्रेकच्या वर, हवेत.
कागदाएवढं अंतर.
दाबला तर गाडी वाचेल,
आणि ही बाई परत कव्हरखाली जाईल.
नाही दाबला तर –
हे सगळं मी आत्ता लिहितोय तेवढं लांबलचक नव्हतं.

त्यांनी दाबला. हळू, पुरता.
इंजिन बंद पडलं.
ट्रॉली गेली, जाता जाता एक ऊस
बॉनेटवर टाकून.

गाडीत काहीच वाजत नव्हतं.
आरसा बघत त्या म्हणाल्या,
“मास्तर, श्वास सोडा.”
मी बघत राहिलो.
“पहिल्या दिवसापासून, वळण आलं की तुम्ही धरता तो.
बोलत काय नाही तुम्ही, खरं मला ऐकू येतंय.”

बावीस वर्षं.
किती जणांनी ऐकलं असेल
आणि फी भरून, लायसन घेऊन
गपचूप निघून गेले असतील.

मी श्वास सोडला. काच थोडी धुरकटली.
शाळेच्या गणवेशातलं एक पोरगं सायकल आडवी टाकून आलं,
बॉनेटवरचा ऊस उचलला,
आम्हा दोघांकडे बघून दातानं सोलायला लागलं.
मागे कुणीतरी हॉर्नवर हात ठेवूनच दिला.
“त्याचा प्रश्न,” त्या म्हणाल्या,
आणि न्यूट्रल करून, किल्ली फिरवून,
टाच टेकवली.